उसन्या वहीतली खाडाखोड

तो आलेख इतका देखणा होता की त्याच्यावर संशय घ्यावा असं कुणाला वाटलंच नाही. दिवसभराच्या तापमानाच्या नोंदी, दर तासाला एक, अशा २४. आणि मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत रेघ एकसारखी चढत गेलेली. पहाटेचा गारवा नाही, दुपारचा कळस नाही, संध्याकाळची उतरण नाही. नुसता चढ. तीन आठवडे तो अहवालात तसाच जात होता. शेवटी वाचणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "का हो, तुमच्या यंत्रांना रात्री अकराला भर दुपारपेक्षा जास्त उकडतं का?"

पहिला संशय टाइमझोनवर. (कुठल्याही प्रोग्रामरचा पहिला संशय टाइमझोनवरच जातो, आणि लाज वाटावी इतक्या वेळा तो खरा निघतो.) मग सेन्सरवर. मग आलेख काढणाऱ्या लायब्ररीवर. डेटाबेसमधल्या नोंदी मात्र ठणठणीत होत्या: पहाटे पाचला सर्वांत कमी, दुपारी तीनला सर्वांत जास्त. दीड दिवस घालवल्यावर लक्षात आलं की अहवालातली 'मध्यक दाखवा' ही खूण काढली की आलेख सुधारतो आणि केली की बिघडतो. मध्यक म्हणजे नोंदी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी एक संख्या, वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापायची. तिचा आणि खालच्या आलेखाचा संबंध काय?

संबंध मीच जोडून ठेवला होता. मध्यक काढायचं फंक्शन (प्रोग्रॅमचा नाव दिलेला, हवा तेव्हा हाक मारून वापरायचा तुकडा) माझं, पाच ओळींचं. नोंदींची लिस्ट घ्यायची, चढत्या क्रमाने लावायची, मधोमध येईल ती परत द्यायची (नोंदी २४ असल्या तर बाराव्या आणि तेराव्या नोंदीची सरासरी). उत्तर बिनचूक यायचं. फक्त जी लिस्ट मी सॉर्ट करत होतो ती माझी नव्हती. ज्याने फंक्शनला हाक मारली त्याची होती, आणि थोड्या वेळाने तो त्याच लिस्टवरून आलेख काढणार होता. टेस्टही लिहिली होती मी, इमानेइतबारे. टेस्टमधली लिस्ट होती १, २, ३, ४, ५. आधीच चढत्या क्रमात. त्यामुळे फंक्शनने घातलेला गोंधळ तिला दिसणं शक्यच नव्हतं.

कुणाची वही उसनी घ्यावी, "एवढी एकच गोष्ट बघून सांगतो" म्हणावं, उत्तर बरोबर सांगावं, आणि वही परत करताना आतली पानं उसवून आपल्या सोयीच्या क्रमाने पुन्हा शिवलेली असावीत, तसा तो प्रकार.

दुरुस्ती एका ओळीची होती: आधी कॉपी, मग सॉर्ट. पण दीड दिवसाचा राग एका ओळीत मावत नाही. मी टीमच्या नियमांच्या पानावर एक नवा नियम लिहिला: 'फंक्शनने पॅरामीटरला हात लावू नये.' (पॅरामीटर म्हणजे फंक्शनला बाहेरून जे दिलं जातं ते.) खाली दोन उद्गारचिन्हं. आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी होत्या. आम्ही कोणी जन्मलोही नव्हतो तेव्हापासून कोड लिहिणाऱ्या. त्यांनी ते वाचलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, "हात लावू नये म्हणजे कशाला? नावाला की वस्तूला?"

"एकच ना ते?" मी म्हणालो.

"मग तू दीड दिवस काय शोधलंस?" एवढं बोलून त्या निघून गेल्या.

त्यांचा प्रश्न मला नंतर वर्षानुवर्षं पुरला. फंक्शनच्या आत पॅरामीटर हे एक नाव असतं. त्या नावाने आपण कशाकडे तरी बोट दाखवत असतो. नावालाच दुसरी व्हॅल्यू दिली तर बोट दुसरीकडे वळतं. आधीची वस्तू जागच्या जागी, बाहेरच्याला पत्ताही नाही. पण बोट न हलवता त्या वस्तूच्या आत जाऊन काही इकडचं तिकडे केलं, तर तीच वस्तू बाहेरच्याच्या हातातही असते. जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट, रुबी या सगळ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा व्यवहार साधारण असाच चालतो. 'जावामध्ये पास बाय व्हॅल्यू असतं की पास बाय रेफरन्स?' (फंक्शनला व्हॅल्यूची प्रत मिळते की बाहेरचं मूळ नावच?) हा इंटरव्ह्यूतला लाडका प्रश्न याच गाठीवर बांधलेला आहे. उत्तर 'व्हॅल्यू' असं आहे, पण ती व्हॅल्यू म्हणजेच रेफरन्स (वस्तूकडे दाखवणारं बोट), आणि हे वाक्य पूर्ण होईपर्यंत विचारणारा आणि सांगणारा दोघंही थकलेले असतात. खरं तर या पद्धतीला एक चांगलं नाव १९७४ मध्येच मिळालं होतं. बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएलयू भाषेसाठी 'कॉल बाय शेअरिंग' म्हटलं. ते नाव रुजलं नाही, याची मला हळहळ वाटते. सामाईक भिंतीत खिळा ठोकायचा तर पलीकडच्याला विचारावं लागतं, एवढं 'सामाईक' या शब्दातच येतं. 'रेफरन्स' शब्दात तसलं काहीच ऐकू येत नाही.

आधी नावाचं बघू, कारण ते सोपं आहे आणि त्यावर माणसं उगाच जास्त भांडतात.

मसावि काढायची युक्लिडची रीत घ्या. दोन संख्या अ आणि ब. ब शून्य होईपर्यंत एकच करायचं: अ च्या जागी ब ठेवायचा, आणि ब च्या जागी जुन्या अ ला ब ने भागून उरलेली बाकी. ४८ आणि १८ दिल्या तर पुढच्या फेरीत १८ आणि १२, मग १२ आणि ६, मग ६ आणि ०. ब शून्य झाला, अ मध्ये ६ उरले, संपलं. यात अ आणि ब हे पॅरामीटरच झिजत झिजत उत्तरापर्यंत जातात. कुणी म्हणेल, पॅरामीटरला दुसरी व्हॅल्यू देणं वाईट, तेव्हा आत 'चालूअ' आणि 'चालूब' अशी दोन नवी नावं घ्या. घेता येतील. पण त्याने त्या तीन ओळींचं सौंदर्य जातं आणि हाती फारसं काही लागत नाही, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं.

मग एकदा त्याच फंक्शनच्या शेवटी मी लॉगची, म्हणजे आत काय चाललंय ते लिहून ठेवणारी, एक ओळ टाकली. काही तरी अडलं होतं, कुठल्या संख्या आत येतात ते बघायचं होतं. लॉगमध्ये आलं: '६ आणि ० यांचा मसावि ६.' दुसरी ओळ: '१४ आणि ० यांचा मसावि १४.' तिसरी तशीच. गणिताच्या दृष्टीने प्रत्येक ओळ खरी. आणि मला जे हवं होतं, म्हणजे फंक्शनला मुळात काय दिलं होतं, ते कुठेही शिल्लक नव्हतं. फंक्शनने स्वतःचा प्रश्न खाऊन टाकला होता.

नावाला नवी व्हॅल्यू देण्यातला तोटा एवढाच, पण तो रात्री अकरा वाजता भोगावा लागतो. डीबगर (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत डोकावू देणारं साधन) साठाव्या ओळीवर थांबलेला असतो, 'मजकूर' नावाच्या पॅरामीटरमध्ये काही तरी विचित्र दिसत असतं, आणि ते बाहेरून तसंच आलं की वाटेत तिसाव्या ओळीवर कुणी छाटलं, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून काही भाषांनी हे दारच बंद केलं. आयफेलमध्ये पॅरामीटरला नवी व्हॅल्यू देता येत नाही. कोटलिनमध्येही नाही. स्विफ्टमध्ये सुरुवातीला पॅरामीटरपुढे 'व्हार' लिहून तशी मुभा घेता यायची. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती काढून घेतली. त्यामागचं एक कारण मला फार मानवी वाटतं: लोक 'व्हार' लिहायचे आणि समजायचे की आतला बदल बाहेरही पोचतो. पोचत नव्हता. बाहेर पोचवायचं तर 'इनआउट' हा वेगळा शब्द होता. दोन शब्दांची गल्लत होते म्हणून एक शब्दच काढून टाकायचा, हा मला शहाणपणा वाटतो. सी भाषेत वाढलेली माणसं मात्र यावर हसतात. तिथे पॅरामीटर म्हणजे फंक्शनला मिळालेली स्वतःची प्रत. तिच्यावर काय वाटेल ते गिरवा, मोजणीसाठी तीच वापरून शून्यापर्यंत उतरवा, कुणाच्या बापाचं काही जात नाही. दहा ओळींच्या फंक्शनमध्ये ते बरोबरच आहेत. दोनशे ओळींच्या फंक्शनमध्ये नाहीत. पण दोनशे ओळींच्या फंक्शनमध्ये तसंही कोण बरोबर असतं?

वस्तूची गोष्ट वेगळी आहे, आणि फार जुनी.

फोर्ट्रान १९५७ ची. पुढच्याच वर्षी तिच्यात स्वतःची सबरूटीन (फंक्शनसारखाच तुकडा) लिहायची सोय आली, आणि तिला द्यायचं आर्ग्युमेंट म्हणून व्हॅल्यूऐवजी तिच्या जागेचा पत्ता दिला जायचा. आता तुम्ही सबरूटीनला थेट ४ हा आकडा दिलात तर काय? आकडासुद्धा मेमरीत कुठे तरी एका खणात ठेवलेला असतो; त्याचा पत्ता जायचा. आणि सबरूटीनने आपल्या पॅरामीटरमध्ये एक मिळवला, तर जुन्या काही कंपायलरांवर (कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमांवर) त्या खणातच ५ जाऊन बसायचा. त्यानंतर प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ४ लिहिलंय तिथे तिथे ५. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसलो होतो. मग माझा चढता आलेख आठवला. माझ्या प्रोग्रॅममध्ये आकडे शाबूत राहिले, दुपार मात्र मध्यरात्रीकडे सरकली. जात एकच.

अल्गोल ६० ने वेगळीच वाट धरली: 'कॉल बाय नेम'. पॅरामीटरच्या जागी जणू बाहेरचा मजकूर जसाच्या तसा आणून ठेवायचा आणि दर वेळी नव्याने त्याचं मोल काढायचं. यातून युक्त्या भारी निघतात, पण दोन गोष्टींची अदलाबदल करणारं साधं फंक्शन लिहायला जा. त्याला 'आय' आणि 'ए मधली आय-वी जागा' अशा दोन गोष्टी द्या. समजा आय मध्ये २ आहे आणि ए च्या दुसऱ्या जागी ५. पहिली पायरी: आय चे २ बाजूला ठेवा. दुसरी: आय मध्ये ए ची आय-वी जागा, म्हणजे ५. तिसरी: बाजूला ठेवलेले २ 'ए च्या आय-व्या जागी' टाका. पण आय आता ५ आहे! २ गेले पाचव्या जागी, दुसरी जागा तशीच, आणि पाचव्या जागी जे काही होतं ते गेलं. फंक्शनमध्ये चूक शोधून सापडत नाही, कारण त्या तीन ओळींत चूक नाहीच. त्यांच्या पायाखालची जमीन तेवढी सरकते.

पुढच्या भाषांनी मग खुणा करायला सुरुवात केली. पास्कलमध्ये पॅरामीटरपुढे 'व्हार' लिहिलं तरच बदल बाहेर पोचतो. १९८३ च्या एडात तीन शब्द आले: 'इन', 'आउट' आणि 'इन आउट'. नुसतं वाचायचं, नुसतं भरायचं, की वाचून बदलायचं. फोर्ट्राननेही १९९० च्या आवृत्तीत 'इंटेंट' म्हणून तसलीच सोय केली. चटके खाल्लेल्या घरात ती यावी हे बरंच झालं. एडाची एक गोष्ट मला विशेष आवडायची. तिथे फंक्शन वेगळं आणि प्रोसीजर वेगळी. प्रोसीजरने काम करायचं, तिला तिन्ही प्रकार मोकळे. फंक्शनने प्रश्नाचं उत्तर द्यायचं, त्याला फक्त 'इन'. उत्तर देणाऱ्याने कशालाही हात लावायचा नाही. हा नियम जवळजवळ तीस वर्षं टिकला आणि २०१२ च्या आवृत्तीत सैल झाला. फंक्शनलाही 'आउट' चालू लागलं. कारणं व्यवहाराची होती, मला कळतात. पण तो नियम असता तर माझं मध्यकाचं फंक्शन कंपायलरनेच दारातून परत पाठवलं असतं.

तरीही या खुणांमध्ये मला एक कमतरता वाटते, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे. पास्कलचं 'व्हार' काय किंवा एडाचं 'इन आउट' काय, ते लिहिलेलं असतं फंक्शनच्या मथळ्यावर. आणि मथळा असतो दुसऱ्या फाइलमध्ये. मी ज्या ओळीवर फंक्शनला हाक मारतो तिथे फक्त नाव आणि कंसात लिस्ट. माझ्या बगमध्ये चुकलेली ओळ फंक्शनच्या आतली असली, तरी मी दीड दिवस ज्या ओळीकडे पुन्हा पुन्हा बघत होतो ती हाक मारणारी ओळ होती: 'मध्यक बरोबर मध्यककाढ, कंसात नोंदी'. या ओळीत संशय यावा असं काय आहे? काहीच नाही. म्हणून खूण हाक मारायच्या जागी हवी. सी शार्पमध्ये 'रेफ' किंवा 'आउट' दोन्हीकडे लिहावं लागतं, देणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही. स्विफ्टमध्ये इनआउट पॅरामीटरला व्हेरिएबल देताना त्याच्याआधी अँपरसँड (& ही खूण). रस्टमध्ये अँपरसँड आणि 'म्यूट'. लिहायला चार अक्षरं जास्त, पण ती ओळ वाचणाऱ्याला दिसतं की इथून पुढे ही वस्तू पूर्वीची राहणार नाही. गंमत म्हणजे सीमध्ये ही खूण न मागता मिळाली होती: बदल हवा तर पत्ता द्यावा लागतो, म्हणून अँपरसँड आपोआप दिसतो. पण अॅरे (सलग ठेवलेल्या व्हॅल्यूंची रांग) दिला की तो स्वतःच पत्ता होऊन जातो आणि खूण गायब. आणि सी प्लस प्लसने रेफरन्स आणून ती खूण पुन्हा पुसली. सोयीसाठी.

ज्या भाषांत अशी खूण नाही, तिथे नावावर भार पडतो. स्कीम आणि रुबीत बदल करणाऱ्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावायची रीत आहे. पायथॉनमध्ये 'सॉर्ट' लिस्ट जागच्या जागी लावते आणि परत काहीच देत नाही, मुद्दाम, म्हणजे बदल झालाय हे कुणी विसरू नये. मी नवशिका असताना 'लिस्ट बरोबर लिस्ट डॉट सॉर्ट' लिहून हातात 'नन', म्हणजे 'काहीच नाही', घेऊन बसलो होतो. तेव्हा तो खवचटपणा वाटला होता. नवी लिस्ट हवी असेल तर 'सॉर्टेड', ती २००४ पासून आहे. जावास्क्रिप्टची सॉर्ट मात्र मूळ अॅरे बदलते आणि वर तोच अॅरे परतही देते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं नवा मिळाला. 'टू-सॉर्टेड' यायला २०२३ उजाडलं.

सॉर्ट आणि सॉर्टेड यातला फरक बघताना मला नेहमी वाटतं की हे काम मराठीने जास्त चोख केलं असतं. 'लाव' ही आज्ञा, 'लावलेली' हे विशेषण, एवढं तर आहेच. पण आपली सहाय्यक क्रियापदं बघा. 'यादी लावून टाक' म्हटलं की यादी कायमची लागली, विषय संपला. 'लावून ठेव' म्हणजे बदल मूळ यादीतच आणि नंतर कुणाला तरी तो लागणार आहे. 'लावून घे' म्हणजे तुझ्यापुरती. आणि 'लावून दाखव' म्हणजे मूळ यादीचं काहीही होवो, मला लावलेली दिसली पाहिजे. घोटाळा फक्त 'लावून दे' मध्ये आहे: तीच लावून परत द्यायची की वेगळी करून द्यायची, हे त्यात उघड होत नाही. माझं फंक्शन नेमकं त्या 'दे' मध्ये अडकलं होतं. एखाद्या भाषेत फंक्शनच्या नावापुढे टाक, ठेव, घे, दाखव यांतलं एक जोडायची सक्ती असती तर? कंपायलर लिहिणारे डोक्याला हात लावतील, पण रिव्ह्यू करणारे दुवा देतील.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो, कारण पहिल्या चुकीने माणूस जेवढा शिकतो त्यापेक्षा जास्त बिथरतो. त्या आलेखानंतर मी जिथे तिथे कॉपी करू लागलो. फंक्शनमध्ये शिरल्याशिरल्या कॉपी. बाहेर पडताना कॉपी. एका ठिकाणी लिस्टमध्ये एक नोंद वाढवायची होती, तर जुनी लिस्ट तशीच ठेवून, नोंद वाढवलेली नवी लिस्ट परत देणारं फंक्शन लिहिलं. शुद्ध, सोवळं, कशाला शिवणार नाही असं. आणि ते लूपमध्ये, म्हणजे फेऱ्या मारणाऱ्या कोडमध्ये, घातलं. शंभर नोंदी असेपर्यंत कुणाला काही कळलं नाही. एक लाख झाल्या तेव्हा प्रोग्रॅम बसला. पहिल्या फेरीत एक नोंद लिहायची, दुसऱ्या फेरीत दोन, तिसऱ्या फेरीत तीन, असं लाखापर्यंत: बेरीज साधारण ५०० कोटी. एक लाख नोंदींची लिस्ट करायला ५०० कोटी वेळा इकडून तिकडे लिहिणं. जागच्या जागी वाढवली असती तर लाखाच्या आसपास, फार तर दोन-तीन लाखांत भागलं असतं.

बरं, एवढं करून कॉपी खरी असते असंही नाही. आठवड्याच्या नोंदी एका लिस्टमध्ये होत्या, आत सात दिवसांच्या सात लिस्ट. मी बाहेरची लिस्ट कॉपी केली आणि निर्धास्त झालो. आतल्या सातही लिस्ट मात्र त्याच, सामाईक. नवं पाकीट, आत जुनीच पत्रं. यावर जास्त लिहीत नाही. ज्याला हे एकदा चावलंय त्याला सांगायला नको.

आणि मुद्दाम बदलण्यात गैर काही नसतंच, ही गोष्ट मी त्या काळात विसरलो होतो. फाइल वाचणाऱ्या फंक्शनला आपण रिकामा बफर (मेमरीतली भरायची मोकळी जागा) देतो तो भरून मिळावा म्हणूनच. हजार वेळा वाचायचं तर तोच बफर हजार वेळा वापरता येतो. भरायलाच दिलेली वही भरली म्हणून कोण रागावेल? राग येतो तो सीमधल्या 'एसटीआरटोक'सारख्या फंक्शनचा. स्वल्पविरामांनी जोडलेला मजकूर द्या, ते तुकडे करून देतं. पण तुकडे करतं ते तुमच्याच मजकुरात स्वल्पविरामाच्या जागी शून्य लिहून, आणि सीमध्ये ते शून्य म्हणजे मजकुराचा शेवट. 'लाल, हिरवा, निळा' दिलात, पहिला तुकडा 'लाल' मिळाला, आणि मागे वळून मूळ मजकूर छापलात तर तिथेही नुसता 'लाल'. नावात तोडण्याचा उल्लेख नाही. तुम्ही मजकूर वाचायला दिला असता, त्याने कात्री चालवली.

शेवटचा प्रकार मला सगळ्यांत चकवणारा वाटतो, कारण त्यात दोन्ही बाजू प्रामाणिक असतात. सी प्लस प्लसमध्ये एक फंक्शन: एक यादी घेतं आणि एक भाजक, यादीतल्या प्रत्येक संख्येला त्या भाजकाने भागतं. यादी बदलणार हे उघड सांगितलेलं. भाजक 'कॉन्स्ट रेफरन्स', म्हणजे 'याला मी हात लावणार नाही' असं लेखी. आता यादी ४, ८, १२ द्या आणि भाजक म्हणून त्याच यादीतली पहिली संख्या. यायला हवं १, २, ३. येतं १, ८, १२. पहिल्याच पायरीला ४ भागिले ४ बरोबर १ झालं, आणि भाजक म्हणजे तीच जागा असल्यामुळे भाजकही १ झाला. पुढच्या सगळ्या संख्यांना एकने भागलं गेलं. फंक्शनने भाजकाला हात लावलाच नाही, वचन पाळलं. 'मी बदलणार नाही' एवढंच ते वचन होतं. 'कुणीही बदलणार नाही' असं कुणी म्हटलंच नव्हतं. रस्ट हा कोड कंपाइलच करू देत नाही: एखादी वस्तू बदलायला उसनी दिली असेल, तर तेवढा वेळ ती दुसऱ्या कुणालाही, नुसती बघायलासुद्धा, देता येत नाही. वाचणारे कितीही, किंवा लिहिणारा एकटा. २०१५ मध्ये रस्टची पहिली पक्की आवृत्ती आली तेव्हा ही अट मला जाचक वाटली होती, आणि अजूनही महिन्यातून एकदा वाटते. पण वाद घालताना मी कंपायलरपुढे नेहमी हरतो आणि हरल्यावर बघतो तर कोडमध्ये कुठे तरी तीच ४, ८, १२ ची यादी बसलेली असते.

मागच्या महिन्यात त्या जुन्या अहवालाच्या कोडमध्ये पुन्हा शिरायची वेळ आली. मध्यकाचं फंक्शन जिथे होतं तिथेच होतं. आत पहिली ओळ: लिस्टची कॉपी करा. ती माझी, त्या दीड दिवसानंतरची. मग हाक मारणारी ओळ पाहिली. तिथे, फंक्शनला लिस्ट देण्यापूर्वी, आणखी एक कॉपी. तीही माझी! कमिटची (बदल जमा केल्याच्या नोंदीची) तारीख पाहिली तर पहिलीनंतर चारच दिवसांनी केलेली. आत कॉपी होते हे चार दिवसांत विसरलो होतो, की लक्षात असूनही भरवसा नव्हता, ते आता आठवत नाही. २४ आकड्यांची लिस्ट. दोनदा कॉपी झाली काय आणि दहादा झाली काय, यंत्राला फरक पडत नाही. तरी दोन्ही ओळी समोरासमोर ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. त्या भाषेत 'मी याला हात लावणार नाही' हे लिहायला जागाच नव्हती, म्हणून एकाच माणसाने दोन्ही बाजूंना कुलपं घातली होती.

एक काढायची ठरवलं. आतली काढली असती तर फंक्शन पुन्हा दुसऱ्याच्या वहीत गिरवायला मोकळं, आणि पुढचा हाक मारणारा माझ्यासारखा बिथरलेला असेलच असं नाही. गिरवणार आहे तो आतला, तेव्हा प्रत करून घेणं त्याचं काम. बाहेरची ओळ पुसली. फंक्शनचं नाव 'मध्यककाढ' होतं, ते तसंच ठेवलं. 'मध्यकसांग' करायचा मोह झाला होता, पण ते नाव सतरा ठिकाणी वापरलेलं निघालं. टेस्ट उघडली. त्यात १, २, ३, ४, ५ अजून तशीच होती. तिच्याखाली दुसरी लिहिली: ५, १, ४, २, ३ द्या, मध्यक ३ येतो का बघा, आणि मग ती लिस्ट अजूनही ५, १, ४, २, ३ च आहे ना, तेही बघा.